आजारपणात तिकीट कॅन्सल: एअरलाईनकडे मागायचं की इन्शुरन्सकडे?

इंदूर-पुणे नॉन-रिफंडेबल तिकीट काढून ठेवलंय आणि आईला डेंग्यू होऊन ॲडमिट करावं लागलं, तर एअरलाईनकडून भाडं बहुतेक जातंच, पण यूडीएफ, पीएसएफ हे तिकिटात धरलेले विमानतळाचे पैसे डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने परत द्यावेच लागतात, अगदी नो-शो झालात (कॅन्सल न करता विमानाला गेलाच नाहीत) तरी, आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठीपण लागत नाही. एजंटकडून काढलं असलं तरी जबाबदारी एअरलाईनचीच, म्हणून मागा, सोडू नका!

ट्रॅव्हल इन्शुरन्समधे भाडंही मिळू शकतं, फक्त पॉलिसी आजाराच्या आधीची हवी, जुनी शुगर-बीपी बऱ्याचदा वगळलेली असते, आणि डिस्चार्ज कार्ड, बिलं, कॅन्सलेशनचा मेल सगळं नीट जपावं लागतं. घरात म्हातारी माणसं असतील तर मी पॉलिसीच घ्या म्हणेन, पण आधीच्या आजारांची अट वाचूनच.