आठवडाभर उशिरा आलेली श्रद्धांजली

काय पाहिलं: अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स गेल्यावर, ऑगस्ट 2014 मध्ये, अमेरिकेतल्या रात्रीच्या टॉक शोंनी त्याला वाहिलेल्या श्रद्धांजल्या. क्लिप नेटवर सहज सापडतात. माझे गुण पाचपैकी: डेव्हिड लेटरमन पाच, कोनन ओब्रायन साडेचार, जिमी फॅलन साडेतीन.

हे बघत बसायला कारण घडलं. आमच्या हौशी नाटक ग्रुपमधला विनोदी नट गेल्या वर्षी गेला. शोकसभेत आम्ही सात जण बोललो. हरहुन्नरी होता, दिलदार होता, पोकळी भरून निघणार नाही. मीही तेच बोललो आणि खाली बसलो. घरी आल्यावर आठवलं, की प्रयोगाआधी हा स्वतःचा मेकअप अर्धवट टाकून नव्या पोराची मिशी नीट चिकटली आहे का ते अंगठ्यानं दाबून बघायचा. हे कुणीच सांगितलं नाही. फार लागलं मनाला. शोकसभेत बोलायचं कसं, हे तेव्हापासून मी शोधतोय.

फॅलननं रॉबिनची जुन्या काळचा टॉक शोवाला जॉनी कार्सन याच्याकडची 1981 ची पहिली मुलाखत दाखवली, ती जरूर बघा. नंतर तो रॉबिनच्या 'डेड पोएट्स सोसायटी' सिनेमातल्या मुलांसारखा टेबलावर चढून उभा राहिला. रडवेला झाला होता, खोटं काही नव्हतं. पण तो सिनेमा पाहिलेल्या कुणालाही हे सुचलं असतं.

कोननवर वेळ वाईट आली. 11 ऑगस्टला बातमी आली तेव्हा त्याच्या शोचं शूटिंग चालू होतं, आणि हसायला आलेल्या प्रेक्षकांना शेवटी त्यानंच ती सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलची गोष्ट सांगितली. 2010 मध्ये त्याच्या हातून 'टुनाइट शो' हा टॉक शो गेला, तो पार खचला होता, तेव्हा रॉबिननं त्याला सायकल घेऊन दिली. भडक नारिंगी आणि हिरवी! फारच विचित्र दिसते, असं कोनननं फोनवर सांगितलं, तर रॉबिनला त्याचाच आनंद. पडत्या काळात माणसाला काय द्यावं हे त्याला बरोबर कळलं होतं.

लेटरमन त्या आठवड्यात सुट्टीवर होता. 18 तारखेला परतला आणि दहाएक मिनिटं रॉबिनवरच बोलला, मधे जुन्या क्लिप. 38 वर्षांची ओळख, त्याच्या कार्यक्रमांत रॉबिनच्या पन्नासेक फेऱ्या. पण सुरुवात त्यानं केली लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर' या विनोदवीरांच्या क्लबपासून. आम्ही नवखे माईक घट्ट धरून उभे राहायचो आणि हा आला तो उडतच, आता आपलं इथं काही खरं नाही असं वाटलं, हे त्यानं सरळ कबूल केलं. पुढे 'मॉर्क अँड मिंडी' ही टीव्ही मालिका गाजल्यावर रॉबिननं त्या दिवसांतल्या सोबत्यांना तिच्यात बोलावून घेतलं, त्यात लेटरमनही होता. मला ते काम जमत नव्हतं, तरी रॉबिननं मला घेतलं, हेही लेटरमननं सांगून टाकलं. गेलेल्याबद्दल बोलताना आपलं कमीपण असं मोकळेपणानं पुढे ठेवायला मोठं मन लागतं. त्यानं आवाज चढवला नाही, मागे करुण संगीत नाही, हात टेबलावर.

आणि शेवटी तो म्हणाला, की हा माणूस इतक्या वेदनेत आहे याची आपल्याला काहीच कल्पना नव्हती. रॉबिननं स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. मेंदूच्या आजाराचं, लेवी बॉडीचं निदान शवविच्छेदनातून नंतर बाहेर आलं. ते माहीत असताना हे वाक्य ऐकलं की घशाशी येतं. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.

बघताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, लेटरमन पुटपुटतो. पुढच्या महिन्यात आमच्या मित्राचं वर्षश्राद्ध आहे. मिशीचं सांगायचं मी ठरवलंय.