केमोचा त्रास लिहायचा कुठे, ॲपमध्ये की वहीत?

आईच्या केमोत दोन्ही करून बघितलं. वही सोपी, मान्य, पण तिच्या वहीत नुसतं "आज बरं नाही", उलट्या किती वेळा झाल्या, गोळीने थांबल्या का, काहीच नाही, आणि डॉक्टरांसमोर तीन आठवड्यांची पानं चाळणार कोण? ॲप रोज विचारतं, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, आणि ग्राफ बघूनच कळलं की मळमळ दर वेळी तिसऱ्या दिवशी वाढते, मग औषध बदलून मिळालं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या 766 पेशंटच्या अभ्यासाचे आकडे 2017 मध्ये आले, ऑनलाइन त्रास कळवणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट निदान इतकं जगले) 31.2 महिने, नेहमीच्या पद्धतीत 26. पण तिथे त्रास वाढला की नर्सला अलर्ट जायचा, खरी मेख तीच. तुमच्या ॲपमधलं कोणी बघतच नसेल तर ती चार्जिंग लागणारी वहीच की!

काही औषधांनी बोटं बधिर होतात, मग स्क्रीनवर टाइप करणं जिवावर येतं, तेव्हा आई सांगायची आणि मी भरायचे. ताप 38 सेल्सिअसला (100.4 फॅरेनहाइट) पोचला तर मात्र वही नको न ॲप नको, सरळ हॉस्पिटलला फोन.