दशक शिकवायला काय घ्यावं: ठोकळे, मण्यांची माळ की काड्यांचे गठ्ठे?

पहिली-दुसरीला दशक शिकवायला काय घ्यायचं, हा विषय बडोद्यात जून उजाडला की निघतोच. शाळा साहित्याची यादी करत असतात, घरी आईबाबा मुलाच्या हातात द्यायला काहीतरी शोधत असतात, आणि सुट्टीच्या दिवशी मराठी वर्ग घेणाऱ्या ताईंना सगळं एका पिशवीत मावणारं हवं असतं. पर्याय साधारण तीन: प्लॅस्टिकचे दशक-ठोकळे (सुटा एकक, दहाची पट्टी, शंभराची पाटी), शंभर मण्यांची माळ आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. तिन्हींवर मुलं शिकतात, वाईट एकही नाही. तरी एकच घ्यायचं असेल तर माझा कल गठ्ठ्यांकडे आहे, आणि त्याचं कारण ठोकळ्यांतली एक अडचण आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी ठोकळ्यांचं श्रेय ठोकळ्यांना द्यायला हवं. झोल्टान दिएनेश या गणितज्ञांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जगभरच्या शाळांत पोचले, ते उगाच नाही. शतक आणि हजार दाखवायला याहून सोयीचं साधन मला तरी माहीत नाही. शंभराची पाटी हातात घेतली की तिच्यात दहा पट्ट्या बसतात हे मूल स्वतः लावून बघतं. पुढे १२ × १३ चा आयत मांडता येतो: एक पाटी, पाच पट्ट्या, सहा एकक, म्हणजे १५६. पाटीला एक मानलं की पट्टी ०.१ आणि एकक ०.०१ होतो, म्हणजे दशांश अपूर्णांकांनाही तोच डबा चालतो. तिसरीच्या पुढच्या वर्गांसाठी घेत असाल तर खुशाल ठोकळे घ्या.

पण पहिली-दुसरीचा खरा मुद्दा दशक सुटा करण्याचा असतो, आणि नेमकं तिथे ठोकळे अडतात. ४२ वजा १७ घ्या. मुलापुढे चार पट्ट्या आणि दोन एकक. सात काढायचे आहेत, सुटे दोनच आहेत. आता एक दशक सुटा करायचा. पण पट्टी सुटत नाही, ती अखंड प्लॅस्टिकची. मग मुलाने ती उचलायची, डब्यात (वर्गात त्याला बँक म्हणतात) ठेवायची आणि तिथून दहा एकक मोजून आणायचे. मूल कधी नऊ आणतं, कधी अकरा. एखादा एकक वाटेत बाकाखाली जातो. कुणी दहा एकक घेऊन येतं पण पट्टी बँकेत ठेवायला विसरतं, म्हणजे त्याच्यापुढे आता बेचाळीस नाहीत, बावन्न आहेत. उत्तरं येतात २४, २६ आणि ३५.

यातलं ३५ सगळ्यात त्रासाचं. कारण जे मूल एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतं, त्याचंही उत्तर ३५ च येतं. एकाला दशक सुटा करणं कळलं आहे, फक्त पट्टी परत करायची राहिली. दुसऱ्याला वजाबाकीच कळलेली नाही. वहीत दोघांचं ३५. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या बाकाशी उभं राहून कोणाचं काय झालं हे बघणं जमत नाही, आणि चुकीचं कारण कळल्याशिवाय पुढे काय करायचं तेही कळत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

हीच गोष्ट माँटेसरी पद्धतीतल्या सोनेरी मण्यांची. दहा मणी तारेत ओवलेले असतात, तार सुटत नाही, तिथेही बँकच लागते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरामुळे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या काळापासून माँटेसरी साहित्य गुजरातेत ओळखीचं आहे, आणि चार-पाच मुलांच्या गटात ताई शेजारी बसली असेल तर बँकेचा खेळ उत्तम चालतो. अदलाबदल हाही शिकण्याचाच भाग आहे. पण तो दुसरा टप्पा. दहा सुटे म्हणजेच एक दशक हे आधी पक्कं झालेलं असेल तरच एका पट्टीच्या बदल्यात दहा एकक आणण्याला मुलाच्या लेखी अर्थ असतो.

एकमेकांत अडकवायचे जोडठोकळे ही अडचण टाळतात, हे मान्य. पण मुलं दहाची कांडी ओढतात तेव्हा तिचे दहा सुटे होत नाहीत, सहा आणि चार अशी ती मध्येच निघते. शिवाय नऊची कांडी आणि दहाची कांडी लांबून सारखीच दिसते. रंग वेगळे असले तर मुलं रंगावर नजर ठेवतात, संख्येवर नाही.

आता माळ. शंभर मणी, दोन रंग, दहा-दहाचे आलटून पालटून. काही जण हिला गणितमाळ म्हणतात. घरी करायची असेल तर मांडवीच्या बाजूला मणी सहज मिळतात. मुलाच्या हातातल्या माळेला ८ मिलिमीटरचे मणी पुरतात, भिंतीवरच्या माळेला १८ ते २० मिलिमीटरचे हवेत, म्हणजे माळ दोन मीटरच्या आसपास जाते. दोरी नायलॉनची घ्या. सुती दोऱ्याची टोकं विसकटतात आणि माळ सैल पडत जाते. गाठ मारून टोक मेणबत्तीवर जरासं वितळवलं की गाठ सुटत नाही. मणी सरकायला आठ-दहा सेंटिमीटर मोकळी दोरी ठेवा. त्याहून जास्त ठेवली तर मणी विखुरतात आणि दहाचा पुंजका डोळ्यांत भरत नाही. रंग लाल-पांढरा किंवा निळा-पिवळा असावा. लाल-हिरवा टाळा, काही मुलांना त्यातला फरक दिसत नाही.

माळेची सगळ्यात सामान्य चूक चिमट्याची. २७ दाखवायचे तर कपड्यांचा चिमटा सत्ताविसाव्या मण्यानंतर, दोरीवर लावायचा. मण्यावरच लावला तर पुढे मोजताना काही मुलं तो मणी धरतात, काही सोडतात, आणि उत्तर एकाने चुकतं. दुसरी चूक, शिक्षक वर्गाकडे तोंड करून माळ धरतात आणि सुरुवात स्वतःच्या डावीकडून करतात. मुलांना मग ती उजवीकडून डावीकडे वाढताना दिसते. सुरुवात मुलांच्या डावीकडे हवी.

माळ ज्यात अप्रतिम आहे ते म्हणजे संख्यांचा क्रम आणि संख्यानामं. एकोणतीस म्हणजे रंग बदलण्याच्या आधीचा एक मणी राहिला, हे मूल बोट ठेवून बघतं. ३८ ला ४० व्हायला दोन कमी, हे तोंडी हिशोबाचं मूळ माळेवर आपोआप येतं. बडोद्याच्या मराठी मुलांना याचा आणखी उपयोग आहे, कारण शाळेत ८९ ला ‘नेव्यासी’ आणि घरी एकोणनव्वद ऐकू येतं, ४३ ला तिकडे ‘तेतालीस’, इकडे त्रेचाळीस. शाळेत गुजराती आकडे, आजोबांच्या पंचांगात देवनागरी आकडे, फोनवर इंग्रजी आकडे. माळेला अडकवायच्या कार्डावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहा, नावं मात्र आधी एकाच भाषेत घ्या. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ असा जोड दिला, तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, ही अडचण खरी आहे, म्हणून २७ ऐकून ७२ लिहिणारी मुलं दर वर्गात सापडतात. त्यांना लिहिण्याआधी माळेवर जागा दाखवायला सांगा. सत्तावीसची जागा सुरुवातीकडे आणि बहात्तरची शेवटाकडे, एवढं दिसलं की बहुतेक मुलं स्वतःच खोडतात.

पण मणी माळेतून काढता येत नाही. लेखी वजाबाकी, घरं पाडून मांडणी, हातचा, यातलं काही माळेवर दाखवता येत नाही. म्हणून ती मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि दोन वस्तू घेणं शक्य असेल तर गठ्ठ्यांच्या जोडीला हीच घ्यायला सांगतो.

गठ्ठ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या घ्या, एकाच मापाच्या. झाडूच्या काड्या फुकट मिळतात, पण त्यांची जाडी टोकाकडे कमी होत जाते आणि बोटाला कुसळं लागतात. आगपेटीच्या बिनगुलाच्या काड्या लहान, त्या सहा वर्षांच्या हातांना बांधता येत नाहीत. दोन मुलांमध्ये ११० काड्या पुरतात. ९९ पर्यंतच्या कुठल्याही उदाहरणाला ९९ च लागतात, बाकीच्या हरवण्या-मोडण्यासाठी. वाकड्या काड्या आधीच काढून टाका.

गठ्ठ्याची अडचण काडी नाही, रबर आहे. दुकानातलं बारीक रबर मूल तीन-चार वेढे घेऊन ताणतं आणि ते तुटतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकट होऊन काडीला डकवल्यासारखं बसतं. शिवाय ते उडवायचा मोह कुठल्याही मुलाला होतो. यावर चांगला उपाय सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडे पडलेली असते. आतली पांढरी पूड साबणाने धुऊन टाका, नाहीतर पहिले काही दिवस हात आणि वह्या खराब होतात. ट्यूब आडवी ठेवून ५-६ मिलिमीटर रुंदीच्या कड्या कात्रीने कापा. व्हॉल्व्हजवळचा जाड भाग आणि ठिगळं सोडून द्या. मोठ्या सायकलच्या एका ट्यूबमधून तीनशेच्या आसपास कड्या निघतात. दहा काड्या एकावर एक रचल्या की कडीचे दोन वेढे नीट घट्ट बसतात. एका वेढ्यात गठ्ठा सैल राहतो.

बांधलेल्या गठ्ठ्यात नऊच काड्या असणं ही नेहमीची गफलत. त्यासाठी जाड पुठ्ठ्याला दहा काड्यांच्या उंचीची खाच पाडून ठेवा, साधारण दोन सेंटिमीटरची. गठ्ठा खाचेत घट्ट बसला तर दहा, हलला तर मोजून बघायचं. तपासणी मुलांनीच करायची. शिक्षकांनी रात्री बसून गठ्ठे तयार करून आणले तर बांधण्यातलं शिकणं निघून जातं. काही जण कटकट नको म्हणून गठ्ठे फेव्हिकॉलने चिकटवतात. तसं केलं की हातात पुन्हा ठोकळ्याची पट्टीच उरते.

आता तेच ४२ वजा १७. जमिनीवर खडूने दोन घरं: डावीकडे दशक, उजवीकडे एकक. मूल चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडतं. १७ मांडायचे नाहीत, हे फार महत्त्वाचं. दोन्ही संख्या समोर मांडल्या की मूल दोन आणि सात एकमेकांशी ताडून बघतं आणि ३५ कडे जातं. १७ फक्त वहीत असावेत. सुट्या दोनच आहेत, म्हणून एका गठ्ठ्याची कडी काढायची आणि त्याच्या काड्या एककाच्या घरात सरकवायच्या. लगेच वहीत ४ खोडून ३, २ च्या डोक्यावर १२. मग सात उचलायच्या, पाच उरतात. एक गठ्ठा उचलायचा, दोन उरतात. २५. बँक नाही, अदलाबदल नाही, एकही नवी काडी आली नाही. शंका आली तर उचललेल्या आणि उरलेल्या काड्या एकत्र मोजायच्या, त्या बेचाळीसच भरल्या पाहिजेत. चूक कुठे झाली ते समोरच पडलेलं असतं.

बेरजेत मात्र दोन्ही संख्या मांडायच्या. २८ आणि १५: सुट्या तेरा होतात, दहा बांधल्या, तीन उरल्या, नवा गठ्ठा दशकाच्या घरात सगळ्यात वर ठेवला. हातचा लिहिताना तो एक कुठून आला हे मग सांगावं लागत नाही. ३० किंवा ४० मध्ये एककाचं घर रिकामं राहतं, तिथे शून्याचं कार्ड ठेवायची सवय लावा, नाहीतर वहीत नुसतेच ३ आणि ४ येतात.

गठ्ठ्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिले काही दिवस तास बांधण्यातच जातो, आणि आवाज होतो. दहा दशकांचा शंभराचा गठ्ठा ट्यूबच्या मोठ्या कडीने बांधता येतो, तो बांधायचा तास मुलांना फार आवडतो, पण तीन-चार शतकांनंतर पसारा आवरेनासा होतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरता-संख्याज्ञानाच्या अभियानात दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं आणि ९९ पर्यंतची वजाबाकी, असं अपेक्षित आहे. त्यातली वजाबाकी गठ्ठ्यांवर पूर्ण होते. ९९९ साठी शेवटच्या सत्रात शाळेत ठोकळ्यांचा एखादा संच असला तर तो काढा, तोवर मुलं पट्टीकडे बघून तिच्यात दहा आहेत हे धरून चालायला तयार झालेली असतात. संच नसेल तर सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून पाट्या आणि पट्ट्या कापल्या तरी वाचन-लेखनाचं काम भागतं.

घरी एकाच मुलासाठी घेत असाल तर ११० काड्या, पंधरा कड्या आणि एक छोटी माळ एवढं पुरे, ठोकळ्यांवर आत्ताच खर्च करू नका. शाळेसाठी घेत असाल तर जोडीमागे एक कापडी पिशवी शिवून घ्या आणि तास संपताना गठ्ठे बांधलेलेच परत घ्या, म्हणजे हरवलेली काडी त्याच दिवशी कळते. पावसाळ्यात पिशव्या भिंतीला टेकून ठेवू नका, काड्यांना बुरशी येते. मे महिन्याच्या सुट्टीआधी मात्र सगळे गठ्ठे सोडून कड्या वेगळ्या डब्यात भरा; महिनाभर ताणलेल्या राहिल्या तर जूनमध्ये ढिल्या मिळतात.