अशोक चौकाजवळचा स्पोकन इंग्लिश क्लास, चार स्टार

दोन महिन्यांची सकाळी सातची बॅच आत्ताच संपली म्हणून लिहायलोय. ग्रामर ठीक, फी पण ठीक, पण पोरं लई कोंबलीत, बोलायला नंबर येईस्तोवर तास संपतो, आणि झेरॉक्स नोट्स इतक्या फिक्या की वाचता येत नाहीत. तरी चार स्टार देतोय, कारण इथं वाक्प्रचार आला की सर नुसता अर्थ लिहून सोडत नाहीत, तो कुठून आला तेपण सांगतात.

एका मुलीचा दुसऱ्या दिवशी रिझल्ट होता, तिला इंग्लिशमधून सांगायचं होतं की जीव टांगणीला लागलाय. सरांनी फळ्यावर लिहिलं, ऑन टेंटरहुक्स. निम्म्या बॅचला वाटलं टेंडर, कॉन्ट्रॅक्टर भरतात ते. सर म्हणाले, टेंडर नाही ओ, टेंटर, आणि सोलापूरकराला तर हा शब्द लगेच कळायला पाहिजे.

मग सांगितलं, इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की पाण्यात, मुलतानी मातीत तुडवून स्वच्छ करायचे, त्यात ते घट्ट व्हायचं पण आकसायचं. म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी चौकटींवर ते ताणून वाळवायचे, त्या चौकटीला म्हणायचे टेंटर आणि कापडाची किनार अडकवायचे ते वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक्स. मूळ लॅटिन, अर्थ ताणणे. 1748च्या एका इंग्लिश कादंबरीत माणसाच्या घालमेलीसाठी हाच शब्द आलाय. आपण जीव टांगतो, ते दोन्ही बाजूंनी ताणून अडकवतात, आणि खरं सांगू का, वाट बघताना तसंच होतं, सैल सोडवत नाही आणि पुढंपण जाता येत नाही.

माझे काका एमआयडीसीत एका प्रोसेस हाऊसला स्टेंटरवर होते, त्या मशीनमध्ये कापडाच्या दोन्ही किनारी पिना नाहीतर क्लिपांत धरून गरम हवेतनं नेतात, म्हणजे काम तेच. घरी जाऊन त्यांना सांगितलं तर जेवता जेवता थांबले, म्हणाले, "बरोबर आहे की, ओलं कापड सैल सोडलं तर पन्हा जातोय." इतकी वर्षं त्यांनी जो शब्द रोज उच्चारला त्याचा भाऊबंद मला इंग्लिशच्या तासाला भेटला, मला लई भारी वाटलं.

ज्यांना जायचंय त्यांनी पावणेसातला पोचा आणि पुढचा बाक धरा, मागं ऐकू येत नाही.