सरीनचे आठ तास: कामगाराची मर्यादा आणि आपत्कालीन मर्यादा

हवेतल्या सरीनसाठी (हा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा विषारी रासायनिक अस्त्राचा पदार्थ) अमेरिकेतले आठ तासांचे दोन आकडे बघा. ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्य संस्थेने २००३ मध्ये सुचवलेली कामगारांसाठीची मर्यादा घनमीटरमागे ०.००००३ मिलिग्रॅम, एईजीएल-१ ही अपघाती गळतीसाठीच्या मर्यादांमधली सर्वांत खालची पायरी, ०.००१० मिलिग्रॅम. तीसपटीहून जास्त फरक, आणि गंमत म्हणजे सैल आकडा लहान मुलं-म्हाताऱ्यांसह सगळ्या जनतेसाठीचा!

कारण साधं आहे. पहिली मर्यादा रोज पाळीवर जाणाऱ्याची, वर्षानुवर्षांची. दुसरी आयुष्यात एखाद्या वेळी होणाऱ्या गळतीची. तीही मृत्यूच्या जवळपासची नाही. सरीनची वाफ डोळ्याला लागली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, कमी उजेडात नीट दिसत नाही. असे सौम्य, उतरणारे परिणाम जिथून सुरू होऊ शकतात तिथे ती रेघ आहे.

केंटकीतल्या ब्लू ग्रास या रासायनिक अस्त्रं नष्ट करणाऱ्या कारखान्यात जुलै २०२३ मध्ये शेवटचे सरीनचे रॉकेट नष्ट झाले. तशा कारखान्याच्या आत मला पहिलाच आकडा हवा. पण त्यावरून आख्खं गाव हलवायला निघालात, तर पळापळीतच माणसं जखमी होतील. तिथे दुसराच कामाचा. कारखान्याशेजारी कायम राहणाऱ्यांसाठी मात्र तिसरा, सर्वांत कडक आकडा आहे: ०.०००००१.