पारी/जीपी : नऊ एक्क्यांच्या वर्गावर घासूनपुसून पाहिलं

मी डोंबिवलीत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या त्यामुळे आमच्या गावचीच. गणिती दत्तात्रय कापरेकरांना असल्या, म्हणजे डेम्लो संख्यांची कल्पना सुचली ती म्हणे याच स्टेशनावर. नऊ एक्के लिहा, वर्ग करा, ही संख्या मिळते. पण मिळवायची कशावर? बारा अंकी कॅल्क्युलेटर ई दाखवून गप्प बसतो. स्प्रेडशीट शेवटचे २१ गुपचूप ०० करून टाकते, आणि हे जास्त वाईट, कारण मुलं पडद्यावरच्या आकड्याला देव मानतात.

त्यावर उपाय पारी/जीपी, मोठ्या संख्यांची गणितं करणारी संगणक-प्रणाली, मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. फुकट. फोनवर पारीड्रॉइड नावाने मिळते. उघडलं की समोर एक प्रश्नचिन्ह, बटणं वगैरे काही नाही. आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या, कंस विसरलात की लगेच ओरडा.

पण आकडे अस्सल, शेवटच्या अंकापर्यंत. ‘फॅक्टर’ या अवयव पाडणाऱ्या आज्ञेला ही संख्या दिली की दोन स्तंभ येतात : डावीकडे ३, ३७, ३३३६६७, उजवीकडे घातांक ४, २, २. सगळे सम, म्हणजे पूर्ण वर्ग. विभाजक एकूण ४५; पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम का, हा तास इथेच होऊन जातो. अंकांची बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घातही ८१, म्हणून संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. कापरेकरांच्या भाषेत ही हर्षद संख्या.

मला मात्र ३३३६६७ ने वेड लावलं. १ ला तिने भागा : ०.०००००२९९७०००००२९९७… नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा. बरोब्बर नऊ अंकांनी आवर्तन होणारी ही एकमेव मूळ संख्या. कारण सोपं आहे : असा भाजक ९९९९९९९९९ चा अवयव असावा लागतो, आणि त्याचे मूळ अवयव तीनच. ३ चं आवर्तन एका अंकाचं, ३७ चं तीन अंकांचं. उरली ही.

दहा एक्क्यांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे हातचा आला आणि शिडी मोडली. मुलांना हे दाखवाच. एकोणीस एक्के मूळ आहेत का, असं ‘इजप्राइम’ला विचारलं तर उत्तर नुसतं १ येतं. १ म्हणजे ‘हो’, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वर्गात गोंधळ.

चार तारे. पाचवा कापला तो मदतीच्या माहितीसाठी : सगळी इंग्रजीत, आणि ती वाचायला आधी निम्मं गणित यावं लागतं. शिवाय पन्नास-पन्नास अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार ‘फॅक्टर’ला देऊन फोन तापवू नका. तिथे अवयव पाडणंच मुळात अवघड आहे, ॲप बदलून फरक पडणार नाही. असली हौस असेल तर संगणकावरची आवृत्ती घ्या आणि रात्री चालू ठेवून झोपा.