थिओफिलाक्टचा पत्रसंग्रह : काही महिने वापरल्यावर

ओह्रिदचा (आजचा उत्तर मॅसेडोनिया) आर्चबिशप थिओफिलाक्ट या अकराव्या-बाराव्या शतकातल्या बायझंटाईन लेखकाच्या पत्रांसाठी आज पॉल गोतिए यांची आवृत्ती (थेसालोनिकी, 1986) वापरावी लागते. एकूण पत्रं 135. मूळ ग्रीक आणि समोरासमोर फ्रेंच भाषांतर. भाषणं, प्रबंध आणि कविता 1980च्या पहिल्या भागात वेगळ्या आहेत. पत्रांसाठी दुसरा भाग पुरेसा वाटतो, पण काम पुढे सरकलं की पहिला लागतोच.

माणूस कोण, हे थोडक्यात. जन्म ग्रीसमधल्या युबिआ बेटाचा, गुरू तत्त्वज्ञ मायकल प्सेलोस. राजधानी कॉन्स्टँटिनोपलला हागिया सोफिया चर्चचा डीकन (पाद्र्याच्या खालचा धर्माधिकारी), वक्तृत्वाचा प्रमुख अध्यापक आणि महाराणी मारियाच्या मुलाचा, कॉन्स्टंटाईन डुकासचा, शिक्षक. 1090च्या आसपास सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसने त्याला बल्गेरियाचा आर्चबिशप करून ओह्रिदला, त्या पदाच्या गादीवर, धाडलं. पद मोठं होतं, पण राजधानीच्या दृष्टीने ती बदली आडवळणालाच.

पत्रं 1 ते 135 अशी सलग वाचत सुटलं की पहिला घोटाळा होतो. क्रमांक म्हणजे कालक्रम नव्हे. आपल्याकडच्या पेशवेकालीन कागदांवर वर्ष नसलं तरी चंद्र (म्हणजे तारीख) आणि महिना तरी असतो. इथे तेवढाही आधार नाही. काळ ठरवायचा तो पत्र ज्याला लिहिलं त्याच्या हुद्द्यावरून आणि मजकुरातल्या घटनांवरून. सम्राटाचा पुतण्या जोआनिस कोम्निनोस याला डिराखिओनचा (एड्रिअॅटिक किनाऱ्यावरचं बंदर, आजचं दुर्रेस) सुभेदार म्हणून लिहिलेली पत्रं एका गठ्ठ्यात येतात. फ्रँक (पश्चिम युरोपातल्या) लोकांच्या जाण्यायेण्याचा त्रास सांगणारं पत्र 1096च्या क्रुसेडशी, म्हणजे पहिल्या धर्मयुद्धाशी, जोडलं जातं, कारण ओह्रिद व्हिया एग्नातिया या जुन्या रोमन रस्त्यावर आहे आणि डिराखिओनला उतरलेलं सैन्य त्याच वाटेने पुढे सरकतं. नॉर्मन सरदार बोहेमंडची 1107-08ची स्वारी हा दुसरा टेकू. अशी पक्की ठिकाणं मोजकीच. उरलेल्या पत्रांपुढे वर्ष न लिहिता दोन टोकं लिहावीत.

त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एक तक्ता करून घ्यावा : गोतिएचा क्रमांक, जुन्या छापील आवृत्तीतला क्रमांक, पत्र कोणाला, त्याचं त्या वेळचं पद, मागणी काय, काळाची दोन टोकं. जुन्या क्रमांकाचा रकाना गाळू नये. 1986पूर्वीचे सगळे अभ्यासक जुनेच क्रमांक देतात, आणि ते एकाच सलग मालिकेत नसल्यामुळे ‘पत्र 41’ म्हटलं की नेमकं कोणतं हे कळत नाही.

मग व्यक्तीवार वाचावं. सम्राटाचा भाऊ आद्रिआनोस, निकिफोरोस ब्रिएन्निओस, ग्रिगोरिओस तारोनितिस, राजवैद्य निकोलाओस कालिक्लिस, हाताखालचे बिशप : प्रत्येकाशी बोलायची पट्टी निराळी. राजधानीतल्या बड्यांना लिहिताना ओह्रिदची घाण, रानटी माणसं, मेंढीच्या कातड्याचा वास यांची तक्रार हमखास येते. नेमकं हेच उचलून त्याला बल्गेरियन लोकांचा द्वेष्टा ठरवण्याची चाल बाल्कन इतिहासलेखनात फार जुनी आहे. पण तक्रारीनंतर काय येतं ते पाहावं. बहुतेकदा मागणी येते : करवसुली करणाऱ्याला आवरा, चर्चच्या कुळांना सूट द्या, पायदळासाठी माणसं कमी न्या. देवोलच्या बिशपक्षेत्राबद्दलचं पत्र याचा उत्तम नमुना. बल्गेरियाच्या बोरिस राजाने बांधलेल्या सात मोठ्या चर्चपैकी एक, आणि तिथे आता पाद्री नाही, डीकन नाही. हे वर्णन डिराखिओनच्या सुभेदारापुढे मांडलं आहे, कारण दिलासा देणं त्याच्या हातात आहे. विदिनच्या बिशपला लिहिताना हाच माणूस सूर पालटतो : एकट्यालाच त्रास आहे असं समजू नकोस. पहिल्या भागातले ग्रंथ शेजारी ठेवले की चित्र आणखी बदलतं, कारण लॅटिन चर्चच्या चुकांवरच्या प्रबंधात हाच माणूस बहुतेक वाद क्षुल्लक म्हणून बाजूला सारतो. स्लाव संत क्लेमेंतचं विस्तृत चरित्रही त्याच्याच नावावर आहे, आणि त्यात या संताबद्दल तुच्छता शोधून सापडत नाही.

भाऊ दिमित्रिओसच्या आजारपणाची आणि मृत्यूची पत्रं मात्र वेगळी ठेवावीत. तिथे अलंकार असूनही आवाज फाटतो. माझ्या मते संग्रहातला सर्वांत विश्वसनीय भाग तोच.

आता अडचणी. खरा निरोप अनेकदा कागदावर नसतोच. बाकीचं पत्र आणणारा सांगेल, असं म्हणून लेखणी थांबते. म्हणून एखादं प्रकरण ‘पत्रात नाही’ यावरून ते घडलं नाही असं ठरवता येत नाही. ज्यांना पत्रं लिहिली त्यांची उत्तरं संग्रहात नाहीत, हीसुद्धा तशीच मर्यादा. होमर आणि बायबलमधली स्तोत्रसंहिता यांतली अवतरणं वाक्यात बेमालूम मिसळलेली असतात. तळटीप न पाहता वाचलं तर होमरची वादळं थिओफिलाक्टच्या प्रवासवर्णनात जमा होतात. फ्रेंच भाषांतर वाचनीय आहे, पण कर आणि जमिनीचे शब्द त्यात सैल होतात. पारिकोस (कूळ), स्ट्रातिआ (लष्करी सेवेचं बंधन) यांसारखे शब्द समोरच्या ग्रीकमध्येच तपासावेत.

फ्रेंच येत नसेल तर पात्रोलोजिया ग्रेका या ग्रीक ख्रिस्ती ग्रंथांच्या जुन्या मालिकेचा 126वा खंड जालावर फुकट मिळतो, ग्रीकसोबत लॅटिन भाषांतरासह. संहिता जुनी आहे. ढोबळ वाचनाला तो चालतो, उद्धृत करायला नको.